घाटवळणचा तिसरा कार्यक्रम

पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत बाबा खुर्चीवरून उठले, आणि स्टेजवर गाणाऱ्या शेफालीची नजर त्यांच्यामागे गेली.

खुर्ची पहिल्या रांगेतली होती. ओढणी टाकून तिनेच ती धरून ठेवली होती. तिचे बाबा केशवराव मात्र तरातरा गर्दीत घुसले आणि दिसेनासे झाले.

संपलं, तिला वाटलं. घरातला करार साधा होता. "तीन कार्यक्रम करा," बाबा म्हणाले होते. "तिसरा मी स्वतः येऊन ऐकेन. पटलं तर खुशाल गा. नाहीतर हा बँड बंद, आणि मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बसायचं." केशवराव भोरच्या कचेरीत हेडक्लार्क. दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आणि पहिले दोन कार्यक्रम? न बोललेलं बरं. 'घाटवळण' म्हणजे तिघंच. गाणारी शेफाली, ढोलकी नि ड्रम एकट्याने हाणणारा उत्रोलीचा गोरख, आणि वेल्ह्याहून एसटीने कीबोर्ड मांडीवर घेऊन येणारी सोनिया. उत्रोलीच्या हळदीत तिघांना एकमेकांचं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. गोरख पुढे पळाला, सोनिया मागे राहिली आणि शेफाली मधल्यामधे लोंबकळली. भाटघरच्या बारशात तर बाळाची आत्याच म्हणाली, "लई ग्वाड गायलात गं. आता जेवून घ्या, म्हंजे आमाला डीजे लावता येईल."

म्हणून आज आंबवड्याच्या जत्रेत गोरखचे चुलते धनाजीकाका एक जादा स्पीकर घेऊन आले होते. मांडव नि स्पीकर भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. हा स्पीकर त्यांनी स्टेजवरच ठेवला, तोंड बँडकडे करून.

"ह्यो फकस्त तुमच्यासाठी. तुमचं तुमाला ऐकू आलं म्हंजे चुकायचं न्हाई. लोकांची काळजी माज्यावर सोडा, त्यांच्यासाठी ही दोन धुडं हायेत की!" असं म्हणून काकांनी स्टेजच्या दोन्ही अंगांच्या माणसाएवढ्या स्पीकरांवर थाप मारली होती.

काकांचं खरं होतं. आज सूर न् सूर स्वच्छ ऐकू येत होता. कुठूनसा काहीतरी करपल्याचा वास आला, भजीवाल्याची कढई असणार. शेफालीने डोळे गच्च मिटून घेतले. बाबा गेले तर गेले. निदान शेवटचं म्हणून तरी नीट गाऊ दे.

डोळे उघडले तेव्हा समोर भलतंच चाललं होतं.

जत्रा गप्प झाली होती. जत्रा, बरं का! मागच्या बायका सतरंज्या उचलून पुढे सरकत होत्या. एका आईने रडणारं पोर चटकन पदराखाली घेतलं. एक फेटेवाले आजोबा कानामागे हात धरून, डोळे बारीक करून ऐकत होते. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू दुपारपासून डोकं उठवत होते, तेही थांबले. मग मोठा पाळणा थांबला, आणि त्यातली पोरं वरच्या वर टकामका बघत राहिली.

"अगं, काय जादू केलीस?" गाणं संपल्यावर सोनिया कुजबुजली.

गोरख नुसता दात काढून हसत होता.

मग तिघांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तालमीत कधी न जमलेला तुकडा सोनियाने लीलया वाजवला. गोरख एकदाही पुढे पळाला नाही. शेवटचं गाणं त्यांचं स्वतःचं होतं, वेल्ह्याच्या एसटीवर रचलेलं. ते संपलं तेव्हा लोक स्टेजला अगदी चिकटून उभे होते. टाळ्या, शिट्ट्या आणि "आजून येक! आजून येक!"

सरपंच मंगलताई शाल-नारळ घेऊन वर चढल्या. गोरखने पुढे केलेला माईक त्यांनी हाताने बाजूला सारला आणि खड्या आवाजात गर्दीला सांगितलं, "आमच्या जत्रंत असं गप कुणी कुणाला ऐकलं न्हवतं! पोरांनो, म्होरल्या साली हितंच यायचं, सांगून ठिवते!"

शेफालीला अभिमानाने भरून आलं. हे आपण केलं. सगळी जत्रा आपण गप्प बसवली. एक माणूस सोडून.

तो माणूस धनाजीकाकांच्या टेम्पोपाशी सापडला. पँट गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली, सदरा घामाने चिंब.

"बाबा, एक गाणं तरी बसून ऐकायचं होतंत."

"बसायला जमलं नाही." त्यांचा घसा बसला होता.

"मग आता?"

"घरी बोलू," म्हणाले, आणि पाणी शोधायला निघून गेले.

शेफालीने ओठ चावला. धनाजीकाका वायर गुंडाळत होते. कुणाशी तरी बरं बोलावं म्हणून ती म्हणाली, "काका, तुमचे स्पीकर मात्र आज झकास वाजले हं."

काकांचे हात थांबले.

"पोरी, लाजवू नगंस. दोनी धुडं पयल्याच कडव्याला जळाली. तुमच्याकडं तोंड केल्याला त्यो एकच चालू व्हता. म्या सगळंच बंद करणार, तवर तुजे बाबा पळत आले. म्हनले, तिला कळू देऊ नका. आन् मग रसवंतीपासनं पाळण्यापातूर एकेकाम्होरं हात जोडीत फिरले, 'माझी मुलगी गातेय हो, जरा गप्प राहाल का?'"