गुप्तहेराची खोली

"लॉजवाल्याच्या चुका मी काढणार, तू फक्त फोटो काढ," बाबा म्हणाले. त्यांच्या लाडक्या मालिकेतल्या गुप्तहेराची खोली एका लॉजने हुबेहूब उभी केली होती. तिथे जायच्या आदल्या रात्री बाबा झोपले, ते उठलेच नाहीत.

पुढे मी एकटीच गेले. चूक एकही नव्हती. फक्त गुप्तहेराची खुर्ची हाताला उबदार लागली.

"आत्ता कोण बसलं होतं?"

"कोणी नाही, ताई. बघा, दोरी बांधलेली आहे!" मॅनेजर जरा जास्तच हसला.

त्याला बाहेर काढून मी कडी लावली, खुर्चीखाली वाकून पाहिलं. गादी तापवणारी वायर नव्हती.

मी समोर बसले. रिकाम्या खुर्चीची गादी हळूहळू दबली.

"बाबा, मला ती मालिका कधीच आवडली नाही. तुमच्या शेजारी बसायला मिळायचं, म्हणून बघायचे."