झाडूची तार

कृष्णवर्णीय मजुरांचं ब्लूज संगीत जिथे जन्मलं, तो मिसिसिपीतला कापसाचा मळा एका संस्थेने जतन केला. उद्घाटनाला लुव्हेनियाआत्याला मानाने बोलावलं. जेवणाचं ताट घेऊन ती थेट त्याच मळ्यात राबलेल्या आजोबांच्या खोपटाकडे गेली. गिटार परवडत नव्हती, तेव्हा आजोबांनी झाडूला गुंडाळलेली तार सोडवून तिथल्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणली होती. ती छेडली की अख्खं खोपट घुमायचं. आता भिंत नवीकोरी होती. "जुन्या फळ्या कुठायत रे?" आत्याने विचारलं. "किडल्या होत्या, आजी," व्यवस्थापक हसला. "पण वाळलेलं लाकूड वाया नाही घालवलं. तुमच्या ताटातलं मांस त्याच्यावरच भाजलंय." आत्याने ताट खाली ठेवून काठीने मांस भाजायच्या भट्टीतली राख उकरली. दोन खिळे निघाले, ते तिने उचलले. "टाक, आत्या, हात भाजेल," मी म्हणालो. तिने ते माझ्याच मुठीत कोंबले. "माझ्या शवपेटीला हेच ठोक. आपल्या वाट्याला तेवढंच लाकूड उरलंय."