भिंतीची तरतूद

वॉर्डाचे दोन तुकडे होणार होते आणि नवी हद्द साकीनाक्याच्या नाल्यावरूनच जाणार होती. त्यामुळे नाल्याच्या संरक्षक भिंतीसाठी यंदाच्या बजेटमध्ये पैसे धरायला कुणी तयार होईना. "भिंत बांधायची आपण, आणि नाला जायचा पलीकडच्यांच्या पदरात! जरा थांब ना, संघमित्रा," साहेब म्हणायचे.

पण इंजिनिअर संघमित्राला थांबवत नव्हतं. मागच्या पावसात शकुताईंची लहानगी नीलम त्याच काठावरून घसरून वाहून गेली होती. ती शेवटपर्यंत सापडली नाही. तेव्हापासून शकुताई दर सोमवारी उपास सोडायच्या आधी ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"भिंतीचं काय ठरलं, मॅडम?"

"अजून काहीच नाही, ताई."

मग त्या नुसते हात जोडून परत जायच्या. त्यांचं ते मुकाट जाणं पाहून संघमित्राला घास गोड लागत नसे.

अखेर ती साहेबांशी कडाकडा भांडली. "नाला कुणाच्याही वाट्याला जाऊ दे सर, पोरं तर आपलीच ना?" साहेब नरमले, भिंतीची तरतूद झाली. सोमवारची वाट न बघता ती तडक शकुताईंच्या खोलीवर गेली.

बातमी ऐकून शकुताईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"नको ना, मॅडम. तुम्ही 'नाही' म्हणायच्या, तेव्हा कुठे मी देवाला हात जोडून उपास सोडायचे. एवढी उंच भिंत बांधलीत, तर माझी नीलम वर कशी येईल?"