पलंगाच्या दोन जागा

बाबांच्या वीतभर खोलीत दिवसा चाकाची खुर्ची फिरावी, म्हणून मी भिंतीला दुमडून ठेवायचा पलंग कॉम्प्युटरवर काढला. दुमडलेला ठळक रेषेत, उघडलेला त्याच चित्रात तुटक रेषेत. इंचभरसुद्धा जागा वाया गेली नव्हती. मी स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

दोन वर्षं बाबांचं सगळं एकटीने करणाऱ्या ताईने प्रिंटवर बोट ठेवलं. “पलंग उघडला, खुर्ची शेजारी आली. आता बाबांना उचलून खुर्चीत बसवताना मी कुठे उभी राहू?”

मग मी तिला बाबांना उचलते तशी वाकायला लावलं, टेपने माप घेतलं आणि चित्र पहिल्यापासून काढलं.

पलंग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने नवं ड्रॉइंग बराच वेळ न्याहाळलं. “साहेब, पलंगाच्या दोन्ही पोझिशन कळल्या. पण ही तुटक रेषेतली वाकलेली बाई कोण? पार्ट लिस्टमध्ये तिला नंबरच नाही.”

“माझी ताई आहे. आधी तिची जागा सोडा,” मी म्हणालो, “पलंग उरलेल्या जागेत बसवा.”