मोरपंखी साडी

दिवाळीच्या सेलमुळे कळव्यातल्या गोदाताईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तरी त्यांनी कल्पितासमोर साड्यांचा ढीग उपसला. तिला मोरपंखी आवडली.

"आईला फोटो पाठवते हं," ती खोटंच म्हणाली.

रंग नीट यावा म्हणून गोदाताईंनी गर्दीतून वाट काढत साडी बाहेर नेऊन उन्हात धरली.

घरी येऊन कल्पिताने तो फोटो टाकून तश्शीच साडी ऑनलाइन शोधली. स्वस्त होती, शिवाय घरपोच. लगेच मागवली.

सेलच्या शेवटच्या दिवशी ती मान खाली घालून दुकानासमोरून भराभर चालली होती. आतून गोदाताईंचा आवाज आला.


"ती मोरपंखी नका मागू हो ताई. एका पोरीने पसंत केलीय, आईला विचारून येईलच ती."