नव्वद दिवसांची यादी

यादीतलं सातवं नाव वाचून अनीश मनातल्या मनात खूश झाला. ऊस वजनकाट्याचं सॉफ्टवेअर पॅकेज. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलेलं. नावापुढे रुचाच्या प्रोग्रामने शेरा मारला होता : नव्वद दिवसांत वापर नाही, काढून टाकावे.

वापर नसणारच. ऑगस्ट चालला होता. साखर कारखान्याचं गाळप मार्चमध्ये आटोपलं की काटा बंद, तो थेट नोव्हेंबरात चालू. कर्जतकडून ऊस घेऊन येणाऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला हे ठाऊक असतं. चार महिन्यांपूर्वी पुण्याहून नोकरीला आलेल्या रुचाला नव्हतं.

एवढ्यात ही पोरगी सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली होती. सर्व्हरवर कुठलं पॅकेज वापरात आहे आणि कुठलं नुसतंच पडून आहे, हे रोज टिपणारा प्रोग्राम तिने केला. पडून असलेली काढून टाकायची ठरली. कार्यकारी संचालक सहादेवरावांनी भर बैठकीत तिचं कौतुक केलं. अनीशला अकरा वर्षांत कुणी साधं शाब्बास म्हटलं नव्हतं. त्याचा नुसता जळफळाट चालला होता.

काही चुकून आलंय का एवढं बघा, असं सांगून यादी तिनेच त्याच्या टेबलावर ठेवली होती. आता ती उत्तरासाठी उभी होती.

"तुमचा प्रोग्राम सांगतोय ना? मग बरोबरच असेल," अनीश हसून म्हणाला.

नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी टाकून हंगाम सुरू झाला. उसाचा पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि कॉम्प्युटरवर काहीच उमटेना. मागे पार रस्त्यापर्यंत रांग लागली. ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवू लागले. रुचा रडवेली झाली. अनीशने आपला चहा सावकाश संपवला, मग खिशातून पेनड्राइव्ह काढला. पॅकेज पुसण्याच्या आदल्या दिवशी त्याने गुपचूप प्रत करून ठेवली होती. वीस मिनिटांत काटा चालू झाला. आता तिला बोलणी आणि आपल्याला शाबासकी, या आशेने तो सहादेवरावांसमोर जाऊन उभा राहिला.

सहादेवरावांनी पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावून प्रतीवरची ऑगस्टमधली तारीख वाचली. बाजूला उभ्या असलेल्या रुचाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कॉम्प्युटर काय म्हनतोय, ते मी तवा बघितलंच न्हाई, अनीश," ते म्हणाले. "पोरगी नवी हाय. तू यादी बघून बरोबर म्हनलास, म्हनून मी सही केली."