आमच्याकडे असं नसतं

लग्नानंतर ऋजुता पहिल्यांदाच माहेरपणाला आली होती. आल्यापासून तोंडात एकच शब्द. "आई, आमच्याकडे आमटीत गूळ नाही घालत." "आमच्याकडे पोळीला साजूक तूपच लावतात."

चार महिन्यांत ते घर 'आमच्याकडे' झालं! आणि हे? पंचवीस वर्षं मी काय धर्मशाळा चालवली? गूळ मी मुद्दाम मूठभर टाकला.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली. मग त्या जरा चाचरत म्हणाल्या, "एक सांगू का? राग मानू नका. लेक गुणाची आहे हो तुमची, पण उठता-बसता 'आमच्याकडे आमटीत गूळ घालतात', आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं. कान किटले माझे."

मी गॅस बारीक केला.

"होईल हो सवय," मी म्हणाले, "तुम्हाला."